निळ्या माशीचा महिना

१

गंगूबाईनं करवंदं काढायला जाळीत हात घातला आणि तिच्या बोटांना दात लागले. कुत्र्याचे असतील म्हणून तिनं फांदी बाजूला केली. मग त्या दातांची लांबी पाहिली आणि पाटी तिथंच टाकून ती थेट डांबरी रस्त्यापर्यंत पळाली. माले गावच्या ओढ्यात बिबट्या मरून पडलाय, नुसती हाडं उरलीत, ही बातमी दुपारपर्यंत घरोघर पोचली.

हे सोमवारी झालं. गुरुवारी सकाळी वनपाल चंद्रकांत माझ्या ओसरीवर आला. हातात कापडी पिशवी होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण त्यानं तो घेतला नाही.

"मॅडम, शंभूनं कबूल केलंय," तो म्हणाला.

मी तेव्हा पुरती जागी नव्हते. वैशाखात मी पुरती जागी कधीच नसते. ऊन चढलं की धरणाचं पाणी पांढुरकं होतं, पलीकडचे डोंगर ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे अर्धेच उरतात, आणि मी ओसरीवर बसून माश्यांची गुणगुण ऐकत राहते. कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. मी वाल्मीकच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन इथं माश्या मोजायला आले. दर महिन्याला डोंगरउतारावर पाच टोपल्यांत मेलेल्या कोंबड्या ठेवायच्या, त्यांच्यावर कोणत्या माश्या येतात, किती येतात, अळ्या कधी होतात, ते वहीत लिहायचं. पहिल्या वर्षी गावाला वाटलं मी करणी करते. दुसऱ्या वर्षी वाटलं माझं डोकं फिरलंय. तिसऱ्या वर्षी मला 'माशीवाल्या बाई' हे नाव पडलं आणि सगळ्यांचंच समाधान झालं.

शंभू हा वरच्या आळीतल्या धोंडाबाईचा मुलगा. आठ वर्षं वनखात्यात रोजंदारीवर जंगल राखायचा. त्याला कायम करण्याचे कागद नुकतेच वर गेले होते. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी बिबट्यानं त्याच्या गोठ्यातलं वासरू मारलं, आणि जयंतीला मारुतीच्या पारावर सगळ्या गावासमोर तो रडत ओरडला होता, "त्येला जित्ता सोडनार न्हाई!" आता तो सांगत होता की वासराच्या उरलेल्या धडावर त्यानं विष टाकलं, बिबट्यानं ते खाल्लं, आणि बिबट्या मेल्यावर शंभूनंच त्याला ओढ्यात ओढून नेलं.

"उद्या अकराला त्याला कोर्टात उभं करायचंय," चंद्रकांत म्हणाला. "पाच-सात वर्षं आत जाईल. नोकरी तर गेलीच."

"मग माझ्याकडे काय काम काढलंस?"

"त्यानं कबूल केलं, तेच मला खटकतंय. मॅडम, हा माणूस विंचूसुद्धा चिमट्यात धरून बांधावर सोडून येतो."

पिशवीत बिबट्याची कवटी होती. मी ती वर्तमानपत्रावर उलटी करून हळूच ठोकली. आतून तपकिरी, पोकळ दाणे घरंगळले, तांदळापेक्षा थोडे मोठे.

"उंदराच्या लेंड्या?" चंद्रकांतनं विचारलं.

"माश्यांचे कोश." मी भिंग लावलं. एक पाहिला, दुसरा पाहिला, दहावा पाहिला, आणि माझी झोप उडाली. "चंद्रकांत, शंभू खोटं बोलतोय."

२

मेलेल्या जनावरावर बसणाऱ्या माश्यांचंही एक पंचांग असतं. मी ते तीन वर्षं अर्धे डोळे मिटून वाचत आले आहे. पावसाळ्यात लाल डोळ्यांची जाडी हिरवी माशी असते. भाद्रपदात ती इतकी येते की टोपलीच श्वास घेते आहे असं वाटतं. होळी होऊन ऊन तापलं की तिच्या जोडीला दुसरी एक येते. तिच्या अळीच्या अंगावर काटे असतात आणि कोशावरही काटे राहतात. आणि दिवाळीनंतर दंव पडायला लागलं की कुठून तरी निळी येते. मोठी, मंद, राखाडी झाक असलेली निळी, सकाळच्या उन्हात अंग शेकत बसणारी. महाशिवरात्रीपर्यंत ती असते, मग आठवड्याभरात नाहीशी होते. कुठं जाते मला माहीत नाही. मला ती फार आवडते, आणि हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

"चैत्रात ठेवलेल्या प्रत्येक कोंबडीवर मला काटेरी कोश सापडलेत," मी चंद्रकांतला म्हणाले. "या कवटीत साठेक कोश आहेत. एकावरही काटा नाही. कोश फोडलास तर आत अळीच्या तोंडाची आकडी तशीच राहिलेली दिसते. ही आकडी निळीची आहे. चैत्रात माझ्या पाचही टोपल्यांवर मिळून एकही निळी आली नव्हती."

"पण ओढ्यात गारवा असतो, सावली असते. तिथं ती राहिली असेल तर?"

त्याचा प्रश्न मला आवडला. "माझी पाचवी टोपली झऱ्यापाशी सावलीतच असते. तिथंही नव्हती."

मग आम्ही ओढ्यावर गेलो. बहुतेक अळ्या पोटभर खाल्ल्या की जनावर सोडून जवळच्या मातीत शिरतात आणि तिथं कोश करतात. इतक्या मोठ्या जनावराखाली ओंजळी भरभरून कोश निघायला हवेत. आम्ही दोन तास करवंदीखालची माती खुरप्यानं उकरली, चाळली. वाळकी पानं निघाली, मुंगळे निघाले, कोश एकही नाही. चंद्रकांत घामानं निथळत होता आणि मला मात्र, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. रिकामी माती इतकं बोलते हे मला नव्यानं कळत होतं.

कवटीच्या डोळ्याच्या खोबणीत काळं, वाळलेलं काहीतरी चिकटलं होतं. त्यात घाट्यांची टरफलं होती. चंद्रकांत शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं ते चिमटीत चुरडून वास घेतला.

"शेणखत," तो म्हणाला. "आणि हे हरभऱ्याचं भूस."

"म्हणजे बिबट्या थंडीत मेला, त्याची हाडं कुणाच्या तरी खताच्या खड्ड्यात होती, आणि हल्लीच कुणीतरी ती इथं आणून टाकली. वासरू मारणारा बिबट्या वेगळा. तो अजून डोंगरात हिंडतोय."

चंद्रकांत पहिल्यांदाच हसला. "थंडीत शंभू गावात नव्हताच! दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत त्याची ड्यूटी ताम्हिणीच्या चौकीवर होती. एका ताटात जेवायचो आम्ही." बोलता बोलता त्याचं हसू मावळलं. "मग तो कबूल का करतोय?"

३

वनखात्याच्या चौकीत शंभू बाकावर बसला होता. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"मॅडम, तुमी कशाला तरास घेतला एवढ्या उनाचा?"

"शंभू, बिबट्या कधी मेला?"

"सांगितलंय की सायबांना. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिशी."

"माझ्या माश्या म्हणतात, थंडीत मेला."

तो समजूत घातल्यासारखं हसला. "चुकल्या असत्याल माश्या."

"त्या चुकत नाहीत. मी चुकते अधूनमधून."

"मंग तुमी चुकला असाल."

मी त्याला ओढ्यातल्या मातीचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग शेणखताचं आणि हरभऱ्याच्या भुसाचं सांगितलं, तेव्हा त्याची नजर खाली गेली.

"वासरू गोठ्यापाशी पडलं हुतं," तो म्हणाला. "तितलं भूस लागलं आसंल."

"वासराला लागलं असेल. पण ही कवटी बिबट्याची आहे."

बाहेर सागाच्या वाळक्या पानांवरून कुणीतरी चालत गेलं, तसा तो दाराकडे बघायला लागला.

"आईला कुनी कळवलं न्हाई न्हवं?" त्यानं एकदम विचारलं. "ती माझ्या भनीपाशी, वैष्णवीपाशी हाय, मारुंजीला. वैष्णवीला डाक्टरनी अजाबात हलू नगं सांगितलं हुतं, म्हनून धुळवडीपासनं तितंच हाय ती. आता बाळंतिनीचं करतीया. तिला हितं येऊ देऊ नका, मॅडम."

"शंभू, जयंतीऐवजी दुसरा एखादा दिवस असेल का? आठवून बघ."

"न्हाई! जयंतीच्या दुसऱ्याच दिशी. त्याच्या आदी न्हाई."

मला हे विचित्र वाटलं. गुन्हा त्यानं चटकन अंगावर घेतला होता, पण तारखेला मात्र तो दोन्ही हातांनी धरून बसला होता. आम्ही बाहेर आलो तेव्हा चंद्रकांतनं फोन पाहिला.

"वैष्णवीचा मेसेज आहे," तो म्हणाला. "गावातून कुणीतरी फोन केलाच. धोंडाबाई दुपारच्या गाडीनं निघाल्यात."

४

गेल्या हिवाळ्यात ओढ्याच्या अंगाला हरभरा तिघांचाच होता. एक अमोघचा, दुसरा माझ्या घरमालकाचा, म्हणजे वाल्मीकचा, आणि तिसरा धोंडाबाईचा. रानडुकरांनी तिघांनाही सळो की पळो करून सोडलं होतं, आणि अशा वेळी कुणी ना कुणी तारेत वीज सोडतं आणि तिच्यात भलतंच जनावर सापडतं.

अमोघ हिंजवडीत नोकरी करतो आणि इथल्या बंगल्यात बसून घरून काम करतो. हरभरा त्यानं हौसेनं लावला होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मॅम, आमचं फेन्सिंग सोलरचं आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "शॉक बसतो, पण जस्ट वॉर्निंगपुरता. आणि ते गुढीपाडव्यानंतर बसवलं. हे बघा फोटो, डेटसकट."

"खत कुठून आणता?"

"ऑनलाइन. पॅकेटमध्ये येतं."

त्याच्याकडे ना गाय, ना खड्डा. त्याला तिथंच सोडून आम्ही वाल्मीककडे आलो, तर तो उखडलाच.

"माझ्यावर संशय? तुमाला ऱ्हायाला घर दिलं, कोंबड्या कुजवाया माळ दिला, आन् माझ्यावर?"

"संशय नाही हो. खताचा खड्डा तेवढा दाखवा."

खड्डा तुडुंब भरलेला होता. वर साय धरावी तशी पापडी धरली होती आणि तिच्यावर भोपळ्याचा वेल ऐसपैस पसरला होता. वर्षभरात त्याला कुणी हात लावलेला दिसत नव्हता.

"बैलाचा पाय मोडलाय," वाल्मीक नरमला. "न्हाईतर वैशाखात समदेच खड्डं उपसत्यात. खत वावरात न्यायचं, मंग भाताच्या रोपासाटी राब भाजायचा. धोंडाबाईचा न्हाई का शंभूनं उपसला! एकल्यानं, दोन दिसात. म्हातारी फोनवर सांगत हुती त्येला, तू हात लावू नगं, माझी मी आल्यावर बगन. पर ह्यो ऐकतुया व्हय? म्हनला, आई बाळंतपन करून दमून यील, तिच्या आदी काम उरकतो."

चंद्रकांत बैलाचा पाय बघायला वाकला होता. त्याचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. माझं होतं. मी डोकं दुखतंय असं सांगून घरी आले आणि वही काढली.

माझी तिसरी टोपली धोंडाबाईच्या बांधावर असते. पौषाच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'तिसरी टोपली, निळी शून्य. बाकी चारही ठिकाणी भरपूर. कारण कळलं नाही.' आता कारण कळत होतं. त्या आठवड्यात जवळच दुसरं काहीतरी पडलं होतं, माझ्या कोंबडीपेक्षा कितीतरी मोठं, आणि त्या बांधावरच्या सगळ्या निळ्या तिकडे गेल्या होत्या. त्याच दिवसांत धोंडाबाई मला रोज ओला हरभरा आणून द्यायची ती यायची थांबली. नंतर भेटली तेव्हा मी डुकरांचं विचारलं, तर म्हणाली होती, "आता न्हाई येत." आणि तिच्या बांधावरची तार गुंडाळून ठेवलेली होती.

आता शंभूची तारीखही सरळ झाली. खड्डा उपसताना त्याला हाडं सापडली. खड्ड्याला हात लावू नको असं आई का म्हणत होती, ते त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं असणार. त्यानं हाडं ओढ्यात टाकली, आणि ती सापडल्यावर असा दिवस निवडून सांगितला की ज्या दिवशी धोंडाबाई गावात नव्हतीच. धुळवडीनंतरचा कुठलाही दिवस त्याला चालला असता. जयंतीच्या दिवशी तो सगळ्यांसमोर ओरडलेला होता, म्हणून त्याच्या लगेच पुढचा दिवस सगळ्यात सोयीचा.

मी वही मिटली. गणित सुटलं होतं आणि मला रडू येत होतं. चंद्रकांतला फक्त अर्धं उत्तर द्यायचं, शंभू निर्दोष आहे एवढंच सिद्ध करायचं आणि पुढे गप्प बसायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात ओसरीच्या पायरीवर कुणीतरी पिशवी ठेवली.

५

धोंडाबाई होती. ती आधी स्वतःच्या खड्ड्यापाशी जाऊन आली असावी, कारण तिच्या लुगड्याच्या काठाला खत लागलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "काय म्हनत्यात तुमच्या माश्या?"

मला खोटं बोलता आलं नाही. "पौष म्हणतात."

ती भिंतीला टेकून बसली. उन्हं कलली होती आणि धरणाचं पाणी आता पितळी दिसत होतं. ती त्या पाण्याकडे बघतच बोलायला लागली.

"मोटरीच्या डब्यातनं तार वढली हुती म्या, डुकरासाटी. सकाळी जाऊन बगते तर वाघरू. मादी हुती. पोटाला हात लावला, पार गार. मला काय सुदरंना. वरनं पेंढा टाकला आन् महिनाभर त्या वाटंनं गेलेच न्हाई. मंग हाडं खड्ड्यात ढकलली. वाटलं, पाऊस येईस्तोवर जिरत्याल."

"शंभूला का नाही सांगितलंत?"

"त्येची नोकरी काय, तर जनावरं राखायची. त्येला कंच्या तोंडानं सांगू?"

मी तिच्याजवळ सरकले. "धोंडाबाई, ऐका. बिबट्या थंडीत मेला एवढं मी सांगितलं की शंभू सुटतो. तेव्हा तो इथं नव्हता. मी याच्यापुढे काही सांगणार नाही. चंद्रकांतला कळायचं कारण नाही."

विद्यार्थ्यांना तीस वर्षं मी एकच सांगत आले होते, की जे दिसलं ते सगळं लिहा. त्या संध्याकाळी मी स्वतः ते मोडायला तयार होते, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

तिनं मान हलवली. "मंग सायेब दुसऱ्या कुनाला तरी धरंल. वाल्मीकला धरंल. चला, उठा."

चौकीत ती सरळ चंद्रकांतच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. शंभू बाकावरून उठला.

"आई, तू गप. तुला काय ठावं न्हाई."

"सायेब, लिवून घ्या," धोंडाबाई म्हणाली. "तार माझी. वाघरू माझ्या तारंनं मेलं. पौषात. तारीख न्हाई ठावं. हरभऱ्याला घाटं भरलं हुतं, तवा."

चंद्रकांतनं माझ्याकडे पाहिलं. त्याला हवं होतं की मी नाही म्हणावं. मी वही त्याच्यासमोर ठेवली आणि पौषाचं पान उघडलं. बरोबर ठरल्याचं इतकं दुःख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

धोंडाबाई शंभूकडे वळली. "म्या मारुंजीला हुते म्हनून तू जयंती सांगितलीस?"

त्यानं भिंतीपाशची खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली.

"यंदा एक चांगलं काम झालं माज्या हातनं. पोर सुकरूप बाळंत केली. त्येच्या आड माझं पाप लपवतुयास व्हय रं?"

तिनं हात उगारला. मला वाटलं ती त्याला मारणार. पण तिनं त्याच्या सदऱ्याची उलटी झालेली कॉलर नीट केली आणि खुर्चीवर बसली. चंद्रकांतनं विचारत विचारत सगळं लिहिलं. शेवटी तिनं सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली आणि म्हणाली, "नाव पुरं आलंय का बगा."

"आलंय," चंद्रकांत म्हणाला. मग खाकरून शंभूला म्हणाला, "हाडं हलवल्याचं आणि खोटा जबाब दिल्याचं तुझ्यावर राहील. पण आज तू घरी जा."

"जा," धोंडाबाईही म्हणाली. "परवा बारसं हाय. मी न्हाई, तर तू तरी जा. पाळन्यापाशी माहेरचं कुनीतरी पायजे."

शंभू गेला नाही. तो तिच्या खुर्चीला टेकून खाली फरशीवर बसला आणि त्यानं खिशातून फोन काढला.

"वैष्णवे," तो म्हणाला, "बारसं पुढं ढकल. न्हाई, आजारी न्हाई कुनी. आई मोकळी झाली की करू. मंग कितीबी दिस लागू देत. तवर पोरीला नुसतं बाळ म्हना."

पलीकडून वैष्णवी काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. धोंडाबाईनं मात्र पदर तोंडाला लावला, आणि बिबट्या मेला त्या सकाळपासून आवरून धरलेलं सगळं रडणं तिनं तिथं, चंद्रकांतच्या टेबलापाशी, रडून घेतलं.